घराच्या मॉडेलची झडती

घर प्रत्यक्ष बांधण्यापूर्वी ते संगणकाच्या पडद्यावर उभे करून पाहण्याची सोय आता इतकी सुलभ झाली आहे की, ज्याने उभ्या आयुष्यात कधी ओळंबा किंवा गुण्या हातात धरलेला नाही असा गृहस्थही रविवारच्या एका दुपारी आपल्या भावी बंगल्याच्या भिंती ओढतो, त्यांवर छप्पर चढवतो, दिवाणखान्यात सोफा मांडतो आणि संध्याकाळी घरच्या मंडळींना त्या बंगल्यातून फिरवूनही आणतो. ही सोय वाईट आहे असे म्हणण्याचा माझा हेतू मुळीच नाही. नकाशा वाचता न येणाऱ्या माणसाला, विशेषतः जिच्या स्वयंपाकघराविषयीचे निर्णय आजवर परस्पर घेतले जात असत त्या गृहिणीला, घर बांधून होण्यापूर्वीच त्यात बोलण्याचा अधिकार या सोयीने मिळवून दिला, ही गोष्ट लहान नाही. माझी तक्रार निराळ्या बाबतीत आहे. हे पडद्यावरचे घर मध्येच कुठेतरी बिघडते. कोपऱ्यात दोन भिंती जुळत नाहीत, खोलीला जमीन लागत नाही, खिडकी बसवली तरी तिच्यातून भिंतच दिसते, जिन्याने वर जाणाऱ्या माणसाचे डोके स्लॅबमध्ये शिरते. आणि अशा वेळी त्या बिघाडाचे मूळ शोधण्याऐवजी तो दिसेनासा करण्याची जी कला आपल्याकडे भरभराटीला आली आहे, ती घराच्या मालकाला, गवंड्याला आणि अखेरीस त्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाला महाग पडते, एवढे मला सांगावयाचे आहे.

या बिघाडाचे स्वरूप कळण्यासाठी मॉडेल ही वस्तू मुळात काय आहे हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. कागदावरील चित्रात रेघ ही केवळ रेघ असते; तिचा अर्थ पाहणाऱ्याने लावावयाचा असतो, आणि दोन रेघांच्या टोकांत केसाएवढी फट राहिली तरी पाहणाऱ्याची समजूत ती फट बिनबोभाट भरून काढते. १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने ‘स्केचपॅड’ नावाची जी प्रणाली सिद्ध केली, तिच्यात रेघ तिच्या नात्यांसह नोंदवण्याची व्यवस्था होती: ही रेघ त्या रेघेला समांतर आहे, हे टोक त्या टोकाला जोडलेले आहे, असे एकदा सांगितले की यंत्र ती नाती सांभाळून आकृती पुन्हा जुळवीत असे. पुढे १९८२ साली ऑटोकॅड आले, २००० साली कोलोरॅडो राज्यातील बोल्डर गावी तयार झालेले स्केचअप आले, त्याच वर्षी रेव्हिट आले, आणि एमान्युएल प्युबारे या फ्रेंच गृहस्थाने लिहिलेले ‘स्वीट होम थ्रीडी’ तर कोणालाही विनामूल्य मिळते. या सर्वांच्या पोटात, कमीअधिक प्रमाणात, सदरलँडचीच कल्पना नांदते आहे. मॉडेल हा विधानांचा दस्तऐवज असतो आणि पडद्यावरील चित्र हे त्या दस्तऐवजाचे एका बाजूने घडलेले दर्शन असते. जे विधान आपण केलेलेच नाही, ते यंत्र आपल्या वतीने समजून घेत नाही. आणि जेव्हा घेते, तेव्हा अधिकच सावध राहावे, कारण त्याची समजूत ही आपलीच असेल याची शाश्वती नसते.

सर्वांत सामान्य तक्रार घेऊ: खोलीला जमीन लागत नाही. स्वीट होम थ्रीडीमध्ये भिंतींनी वेढलेल्या जागेत दोनदा क्लिक केले की खोली आपोआप आखली जाते. स्केचअपमध्ये एकाच प्रतलातील रेघांचे वलय पूर्ण झाले की त्याला पृष्ठभाग लाभतो. रेव्हिटमध्ये चहूकडून न वेढलेल्या जागेत खोली ठेवू गेल्यास ती बंदिस्त नसल्याचा इशारा मिळतो. तिन्हींची अट एकच, की वेढा पुरा असला पाहिजे. आता व्यवहारात असे होते की ऑटोकॅडमधून आणलेल्या नकाशातील रेघा वरून पाहता तंतोतंत जुळलेल्या दिसतात, पण त्यांपैकी एखादीचे टोक दोन मिलिमीटर वर तरंगत असते, किंवा दुसरीचे टोक कोपऱ्याच्या अलीकडेच थबकलेले असते, आणि वरून पाहणाऱ्याला त्यातले पहिले कितीही जवळून पाहिले तरी कळत नाही, दुसरे फार जवळून पाहिल्यावाचून कळत नाही. येथे आपला शिकाऊ ड्राफ्ट्समन काय करतो? तो भिंतींखालून एक लांबरुंद सपाट ठोकळा सरकवतो, त्याला संगमरवराचा पोत चढवतो आणि काम मिटले असे समजतो. चित्रात ते मिटलेही असते. पण त्या खोलीचे क्षेत्रफळ कोठेच नोंदले गेलेले नसते, फरशीचा हिशेब त्या ठोकळ्यावरून निघतो म्हणून भिंतीखालची जागाही विकत घेतली जाते, आणि पुढे तोच नकाशा महापालिकेच्या संगणकीय छाननीकडे गेला म्हणजे आकृती बंद नसल्याच्या सबबीवर अर्ज परत येतो. मग संबंधित मंडळी छाननीच्या यंत्रणेला दोष देत बसतात. वास्तविक उपाय साधा आहे. अशा वलयात एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढावी. ज्या अर्ध्या भागाला पृष्ठभाग लागला तो भाग निर्दोष, जो कोरा राहिला त्यात दोष. त्या कोऱ्या भागात पुन्हा तशीच रेघ ओढावी आणि असे करीत दोषाला एका कोपऱ्यात गाठावे. पुढची दुरुस्ती हे क्षणाचे काम असते.

याहून बिकट प्रकरण जुन्या घराच्या मोजणीचे. ज्यांनी पुण्यातील वाडा किंवा कोकणातील मातीच्या भिंतींचे घर टेपने मोजून संगणकात उतरवण्याचा खटाटोप केला आहे, त्यांना एक अनुभव ठाऊक असेल: एकेका खोलीची मापे बरोबर, बेरजा बरोबर, आणि तरीही शेवटची भिंत पहिल्या भिंतीला येऊन मिळत नाही. चार-सहा इंचांची तफावत राहते. या तफावतीचे कारण बहुधा टेप नसतो, मोजणाराही नसतो. चौकोनाच्या चार बाजू दिल्या म्हणजे चौकोन निश्चित होतो अशी जी आपली भाबडी समजूत आहे, ती ते कारण असते. समजा, एक खोली दहा फूट बाय बारा फूट आहे. कोपरे काटकोनी असतील तर तिचे दोन्ही कर्ण १५ फूट साडेसात इंच भरतील. पण तीच खोली केवळ तीन अंशांनी तिरकी असेल, तर चारही बाजू तेवढ्याच राहून एक कर्ण १६ फुटांचा आणि दुसरा १५ फूट अडीच इंचांचा होतो, आणि बारा फुटांच्या भिंतीचे दूरचे टोक साडेसात इंचांनी सरकते. टेप घेऊन गेलेल्या माणसाने चारच बाजू लिहून आणल्या, सॉफ्टवेअरने प्रत्येक कोपरा मुकाट्याने काटकोनी धरला, आणि मग सात खोल्यांच्या घरात ती साडेसात इंचांची तिरकस खोली आपली कैफियत अशा ठिकाणी मांडते की जिथे तिचा काहीएक संबंध नाही, म्हणजे मागच्या पडवीच्या कोपऱ्यात.

यज्ञवेदी आखणाऱ्या शुल्बसूत्रकारांना आयताच्या कर्णाचे महत्त्व पुरते ठाऊक होते. बौधायनाने कर्णावरील चौरसाचे क्षेत्र दोन बाजूंवरील चौरसांच्या बेरजेइतके असते हे सांगून ठेवले आहे, आणि आपला गवंडीही पाया आखताना तीन-चार-पाचची दोरी लावून आखणी गुण्यात आहे की नाही हे पाहिल्यावाचून फावडे घालू देत नाही. ही परंपरा संगणकापाशी येऊन का खंडित व्हावी? प्रत्येक खोलीचा निदान एक कर्ण मोजावा, भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी प्रत्यक्ष पाहावी आणि जुन्या मातीच्या भिंतीची तर खाली व वर अशी दोनदा पाहावी, कारण ती तळाशी जाड आणि माथ्याशी बारीक असते आणि सॉफ्टवेअरला असल्या भिंतीची सहसा कल्पनाही नसते. इतके करूनही तफावत राहिली, तर भूमापनशास्त्राचा जो शिरस्ता आहे तो पाळावा: तफावत मर्यादेच्या आत असेल तर ती सर्व बाजूंवर प्रमाणशीर वाटून टाकावी, आणि मर्यादेबाहेर असेल तर फेरमोजणीला जावे. सोयीच्या एका कोपऱ्याला धरून ओढणे हा तिसरा मार्ग शास्त्रात नाही, पण शेजारच्या टेबलावर पाहिलेत तर बहुधा तोच चाललेला आढळेल.

भिंतीची रेघ कोठून धरावयाची, हा प्रश्न दिसायला क्षुल्लक आणि परिणामाने गंभीर आहे. रेघ भिंतीच्या मध्यातून जाते, की विटेच्या कडेने, की गिलाव्याच्या पृष्ठावरून? रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे स्पष्ट सांगण्याची तजवीज आहे, पण ती आहे म्हणून कोणी वापरतो असे नाही. दहा बाय बाराची खोली हवी म्हणून एखाद्याने दहा आणि बारा फुटांच्या रेघा ओढल्या, सॉफ्टवेअरने त्या मध्यरेघा धरून दोन्ही बाजूंना नऊ इंची भिंतीची जाडी वाटून दिली, तर आत उरतात सव्वानऊ आणि सव्वाअकरा फूट. त्यातून दोन्हीकडचा अर्धा-अर्धा इंच गिलावा गेला म्हणजे १२० चौरस फुटांच्या जागी १०२ चौरस फूट हाती येतात. पंधरा टक्के खोली कोणी चोरली नाही, कोणी खोटे बोलले नाही, आणि तरी ती गेली. सदनिका विकत घेणाऱ्याला तर या प्रश्नाचे विशेष अगत्य असावयास हवे, कारण २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्राची जी व्याख्या केली, तिच्यात बाहेरच्या भिंतींखालील जागा वगळली आहे आणि आतल्या आडभिंतींखालील जागा धरली आहे. तेव्हा कोणती भिंत बाहेरची, कोणती आतली आणि तिची कड नेमकी कोठे, हे मॉडेलमध्ये चुकले तर पुढची सगळी आकडेमोड शुद्ध गणिताने अशुद्ध उत्तराकडे जाते.

आणि या ठिकाणी परदेशी सॉफ्टवेअरच्या गृहीतकांचा विचार करावा लागतो. प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या जन्मभूमीच्या सवयी बरोबर घेऊन येते. स्वीट होम थ्रीडी उघडून काहीही न सांगता भिंत ओढली तर ती अडीच मीटर उंचीची आणि साडेसात सेंटिमीटर जाडीची येते. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे राहत्या खोलीची उंची पावणेतीन मीटरपेक्षा कमी चालत नाही आणि साडेसात सेंटिमीटरची विटेची भिंत आपला कोणताही गवंडी बांधणार नाही. अमेरिकन सॉफ्टवेअरमधील आतली भिंत साडेचार इंचांची असते, आणि आपल्याकडेही आडभिंतीला साडेचार इंची म्हणतात, म्हणून पुष्कळ लोक बिनघोर राहतात. पण तिकडची साडेचार इंच जाडी साडेतीन इंची लाकडी खांब आणि दोन्ही अंगांचे अर्ध्या इंचाचे जिप्समचे फलक मिळून होते, तर आपली साडेचार इंच ही नुसत्या विटेची जाडी आहे आणि गिलावा तिच्यावर निराळा चढावयाचा असतो. आकडा एक आणि वस्तू दोन, असा हा घातक योगायोग आहे. ही गृहीतके बदलता येतात. सेटिंगच्या एका पानावर ती सर्व निमूटपणे बसलेली असतात, आणि नवे काम सुरू करण्यापूर्वी त्या पानाची हजेरी घेणारा माणूस मला क्वचितच आढळला आहे.

जिन्याच्या बाबतीत मात्र मी थोडा थांबणार आहे, कारण हौशी माणसाच्या मॉडेलमध्ये बिघाड हमखास जेथे सापडतो ती जागा हीच. मजल्यापासून मजल्यापर्यंत तीन मीटर उंची धरली आणि संहितेप्रमाणे पायरीची उंची १९० मिलिमीटरच्या आत ठेवली, तर पंधरा पायऱ्या पुरत नाहीत. सोळा लागतात आणि प्रत्येकीची उंची साडे १८७ मिलिमीटर येते. सोळा उंच्यांना पंधरा पाऊलजागा, प्रत्येकी किमान २५० मिलिमीटर. म्हणजे जिना सरळ नेला तर पावणेचार मीटर लांबी हवी. आता गृहस्थाने आठ फूटच जागा ठेवली असेल तर सॉफ्टवेअर भांडत नाही. ते पंधरा पाऊलजागा आठ फुटांत बसवून देते, आणि प्रत्येकीच्या वाट्याला १६३ मिलिमीटर येतात. ही शिडी झाली. डोके आपटण्याचा प्रकारही असाच गणिती आहे. वरचा स्लॅब १५० मिलिमीटरचा असेल तर त्याचा तळ खालच्या जमिनीपासून २ मीटर ८५ सेंटिमीटरवर येतो. डोक्यावर २ मीटर २० सेंटिमीटर मोकळी जागा हवी असेल तर चौथ्या पायरीवर पाऊल पडण्यापूर्वी स्लॅब संपलेला असला पाहिजे. पुष्कळदा सॉफ्टवेअर वरच्या मजल्यात भोक पाडतच नाही, किंवा पाडते ते फक्त जिन्याच्या शेवटच्या टोकाशी. मग आमचा कलावंत कॅमेरा अशा ठिकाणी ठेवतो की चित्रात जिन्याच्या पहिल्या तीन पायऱ्या आणि कठड्यावरची कुंडी तेवढी यावी.

इतर दोषांचा परामर्श झरझर घेता येईल. मिलिमीटरमध्ये काढलेला नकाशा इंच समजून आत घेतला की तीन मीटरची भिंत सव्वा शहात्तर मीटरची, म्हणजे अडीचशे फुटांची होते. हा दोष इतका ढळढळीत आहे की तो कोणी झाकू शकत नाही, म्हणून तो निरुपद्रवी म्हणावा. एकाच प्रतलात दोन पृष्ठभाग एकमेकांवर आले की पडद्यावर दोन्ही रंग लखलखू लागतात; तेथे एक पृष्ठभाग काढून टाकावा, एकाला केसभर वर उचलून वेळ मारून नेऊ नये. स्केचअपमधील खिडकी साधारणतः ज्या एका पृष्ठभागाला चिकटते तोच कापते आणि भिंतीची मागची बाजू तशीच ठेवते. खिडकी असून उजेड नाही, याचे कारण हे. त्याच सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांना टेकलेल्या वस्तू गट न केल्यास परस्परांना चिकटतात आणि कपाट सरकवताना भिंतही सरकते. म्हणून प्रत्येक वस्तू काढून झाली की तिचा गट करावा, हा नियम आंघोळीइतका नित्याचा झाला पाहिजे. सर्वेक्षणाचे निर्देशांक जसेच्या तसे घेऊन मॉडेल मूळबिंदूपासून फार दूर उभे केले तर रेघा थरथरू लागतात. याचे कारण मोठे मनोरंजक आहे. पडद्यावर चित्र काढणारी यंत्रणा बहुधा ३२ बिटांच्या अंकांत मोजते आणि अशा अंकात सुमारे सातच अंकस्थाने विश्वासाची असतात. यूटीएम या नकाशा-निर्देशांकांच्या पद्धतीत पुणे विषुववृत्तापासून सुमारे साडेवीस लाख मीटर उत्तरेस आहे. तेवढ्या मोठ्या संख्येच्या आसपास या अंकांतील लागोपाठच्या दोन पायऱ्यांत साडेबारा सेंटिमीटरचे अंतर पडते. साडेचार इंची भिंत साडेअकरा सेंटिमीटरची. म्हणजे संपूर्ण भिंतच यंत्राच्या दोन मोजांच्या मध्ये हरवण्याची सोय झाली! घर मूळबिंदूपाशी आणून ठेवले आणि निर्देशांक कागदोपत्री जपले की ही थरथर थांबते.

काही बिघाड काढणाऱ्याचे नसतात, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. छपराचे उदाहरण घ्या. आपोआप छप्पर चढवणारी आज्ञा प्रत्येक वळचण एकाच उंचीवर आणि प्रत्येक पाख्याचा उतार सारखाच समजून चालते. आयताकृती घरावर ती सुरेख चौपाखी छप्पर घालते. पण कोकणातील घराची रीत निराळी: मधल्या माजघरावर उंच आढे, आणि भोवतीच्या पडवीवर पुष्कळदा मुख्य पाख्यापेक्षा सौम्य उताराने उतरलेले छप्पर, ज्याची वळचण इतकी खाली येते की नवख्याने वाकूनच आत यावे. मंगळुरास बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली कौलांचा पहिला कारखाना काढल्यानंतर ज्या कौलांनी आमची छपरे व्यापली, त्यांच्यासाठी उतार नेमका सांगणे आवश्यक असते. फार सपाट झाला तर पाणी उलटे चढते. असे घर त्या एका आज्ञेच्या हवाली केले म्हणजे पडवी मुख्य छपरात गिळली जाते किंवा दोन पाख्यांच्या सांध्यात, जेथे पन्हळ हवी तेथे, एक वेडावाकडा सुळका उगवतो. येथे यंत्राशी हुज्जत न घालता कोकणचा सुतार ज्या क्रमाने काम करतो त्या क्रमाने जावे: आधी माजघरापुरते छप्पर, मग प्रत्येक पडवीचे पाखे स्वतंत्र, आणि शेवटी सांधे. सुताराचा क्रम आणि मॉडेलचा क्रम एक झाला की बहुतेक छपरे वठणीवर येतात.

दोष शोधण्याची पद्धत काय, असे कोणी विचारील तर ती फौजदारी तपासाहून फार निराळी नाही. प्रथम मूळ फाइल बाजूला ठेवून तिच्या नकलेवर काम करावे, म्हणजे मुद्देमालाला धक्का लागत नाही. नंतर मॉडेलचा अर्धा भाग लपवावा किंवा काढून टाकावा आणि दोष उरतो का ते पाहावे. उरला तर तो उरलेल्या अर्ध्यात आहे, गेला तर काढलेल्या अर्ध्यात. असे सात-आठ वेळा केले की शेकडो वस्तूंच्या घरातूनही गुन्हेगार एकटा उभा राहतो. एका वेळी एकच बदल करावा, आणि तो का केला हे लिहून ठेवावे. दोन बदल एकदम करून दोष गेला तर दोष गेला एवढेच कळते, कशाने गेला हे कळत नाही, आणि जो दोष कशाने गेला हे कळले नाही तो परत येतो. पोत, सावल्या, झाडे, मोटारी सर्व बंद करून घर नुसत्या रेघांत पाहावे. उभा छेद घ्यावा. आणि सॉफ्टवेअर जो इशारा देते तो वाचावा. रेव्हिटमध्ये दोन भिंती एकमेकींवर चढल्या, खोली बंदिस्त नाही, एकाच जागी दोन वस्तू आहेत, असे स्वच्छ शब्दांत सांगणारे इशारे येतात आणि फाइलमध्ये त्यांची यादीही साठत राहते; ती यादी शेकड्यांवर गेलेल्या फाइली राजरोस हातोहात फिरताना मी पाहिल्या आहेत.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. सॉफ्टवेअर इतके हुशार असताना त्याने फट स्वतःच का बुजवू नये, तिरका कोपरा सरळ का करू नये, सामान्य माणसाला भूमितीच्या या कज्ज्यात का ओढावे? माझे उत्तर असे की पुष्कळ सॉफ्टवेअर तसे करतेच, आणि त्यातूनच सर्वांत खोल दोष जन्माला येतात. वाड्याची भिंत खरोखरच तीन अंशांनी तिरकी असेल तर तिला सरळ करणारे यंत्र मदत करीत नसून खोटी साक्ष देत असते. फट चुकून राहिली की तेथे खरोखर वाट आहे, हा निर्णय घर जाणणाऱ्याचाच असू शकतो. यंत्राने फट दाखवावी, बोट ठेवून दाखवावी. बुजवण्याचे मुखत्यारपत्र त्याला देऊ नये.

पण खरा रोग बाजारात आहे. शहरोशहरी निघालेल्या क्लासांत जाहिरात असते ती झगमगत्या चित्रांची: सूर्यास्त, ओली फरशी, काचेत उमटलेले आभाळ. विद्यार्थी तेथे आज्ञा पाठ करतो, तयार सोफे आणि झुंबरे उतरवून घेतो आणि तीन महिन्यांत असे चित्र काढू लागतो की पाहणाऱ्याने बयाणा देऊन मोकळे व्हावे. त्या चित्रामागच्या मॉडेलमध्ये खोलीला जमीन नाही, जिन्याला डोके नाही आणि भिंतीची जाडी मोजण्यासारखी नाही, हे त्याला कोणी विचारत नाही. स्थावर संपदा कायद्याच्या बाराव्या कलमाने, जाहिरातीतील किंवा नमुना सदनिकेतील खोट्या माहितीवर विसंबून आगाऊ रक्कम देणाऱ्याचे नुकसान झाल्यास त्याला भरपाईचा हक्क दिला आहे. हक्क चांगला आहे. पण घर घेणारा सामान्य माणूस चित्र पाहून भुलल्यावर कलमाकडे वळतो, आणि तोवर त्याचे कर्ज मंजूर झालेले असते. त्याने आधीच दोन कागद मागून घ्यावेत: गिलाव्यासकट आतली मापे लिहिलेला आराखडा, आणि जिन्यातून घेतलेला उभा छेद. ज्याचे मॉडेल निर्दोष आहे त्याला हे दोन कागद काढून देण्यास काही मिनिटे लागतात. जो ते द्यायला आठवडा मागतो, त्याच्या चित्राविषयी ग्राहकाने काय समजावे ते ज्याचे त्याने ठरवावे.

आणि शिक्षणाच्या संबंधात एक मागणी. आरेखक घडवणाऱ्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था, स्थापत्याची पदविका देणारी तंत्रनिकेतने आणि या तंत्रनिकेतनांच्या परीक्षा घेणारे महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ, या सर्वांनी प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रश्न असा ठेवावा की ज्यात विद्यार्थ्याने नवे काही काढावयाचे नाही. त्याला हेतुपुरस्सर बिघडवलेले एका लहान घराचे मॉडेल द्यावे: एक तिरकी खोली, एक न मिटलेले वलय, एक चुकीच्या रेघेवर बसलेली भिंत, एक डोके आपटणारा जिना. दोष कोणते, ते कशावरून ओळखले आणि मुळाशी काय दुरुस्त केले, हे त्याने लिहावे, आणि गुण त्या लेखी खुलाशाला द्यावेत. यासाठी नवी यंत्रे लागत नाहीत, नवी पदे मंजूर करावी लागत नाहीत. मॉडेल तयार करण्यास एखाद्या जाणत्या अध्यापकाची एक सुट्टी पुरेल. येत्या शैक्षणिक वर्षाचा अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांनी एवढे मनावर घ्यावे.